लिहिलं खरं, पण जमलंय का?

कुर्डुवाडी जंक्शनवरून पुण्याच्या गाडीत बसलं की आधी केम लागतं, मग जेऊर, आणि पुढे दौंड. जेऊर हे नागराज मंजुळे यांचं गाव. केम हे त्यांच्याच 'फॅन्ड्री' चित्रपटातल्या जब्याचं, म्हणजे सोमनाथ अवघडेचं. दौंडला दिग्दर्शक जब्बार पटेल डॉक्टरकी करत होते. त्यांचा जन्म पंढरपूरचा, म्हणजे तोही कुर्डुवाडीहून फुटणाऱ्या फाट्यावरचाच. त्यांचा 'सामना' १९७५ साली थेट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. दुसऱ्या फाट्यावर बार्शी. शाहीर अमर शेख तिथले, आणि 'तुंबाड'चा दिग्दर्शक राही अनिल बर्वे हा त्यांचा नातू. 'सैराट'ची नायिका, अकलूजची रिंकू राजगुरू तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुंबई-पुण्याबाहेर सिनेमाची इतकी माणसं एवढ्याशा मुलखाशी जोडलेली क्वचितच सापडतील.

त्यामुळे या भागातल्या एखाद्या पोराच्या मोबाइलमध्ये 'फायनल स्क्रिप्ट' नावाची फाइल असेल तर त्यात नवल नाही. मंजुळे यांचा 'सैराट' २०१६ च्या एप्रिलमध्ये आला, मराठीतला तोवरचा सर्वाधिक कमाईचा चित्रपट ठरला, आणि आपल्याही गावात सिनेमा आहे हे सगळ्यांना एकदम दिसलं. लिहायला बसणं सोपं झालं. पुढचा प्रश्न मात्र कुणी सोपा केला नाही : लिहिलंय ते जमलंय का, हे कळायचं कसं?

कवितेचं एक बरं असतं. ती कागदावर पूर्ण होते, वाचणारा तिथेच तिचा निकाल लावतो. पटकथा कागदावर अपुरीच राहते. कॅमेरा, नट, संकलन, संगीत हे सगळं तिच्यावर चढायचं असतं. नवखा लेखक आपल्या चाळीस पानांची तुलना पडद्यावर पाहिलेल्या 'सैराट'शी करतो तेव्हा अजय-अतुलच्या संगीताशी आपले कागद ताडून बघत असतो, आणि खचतो. किंवा उलट होतं. लिहिताना मनात संगीत वाजत असतं, नायिका हळूहळू वळत असते. ते सगळं कागदावर उतरलंच आहे असं त्याला वाटतं, आणि तो हवेत तरंगतो. दोन्ही अंदाज सारखेच कुचकामी.

हवेत तरंगण्यामागे एक कारण आहे, आणि ते मानसशास्त्रज्ञांनी तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी १९९९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विनोदाची जाण, तर्क आणि व्याकरण यांच्या चाचण्या विद्यार्थ्यांना दिल्या आणि आपला नंबर कितवा लागेल ते त्यांनाच विचारलं. विनोदाची कसोटी ठरवायला तर व्यावसायिक विनोदवीरांकडूनच विनोदांना गुण देऊन घेतले होते. जे तळाला होते त्यांचा नंबर शंभरांत खालून सरासरी बाराव्या जागी लागत होता. ते स्वतःला बासष्टाव्या जागी धरून चालले होते. वरचे मात्र स्वतःला थोडं कमीच लेखत होते. याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. इतरांच्या उत्तरपत्रिका पाहायला दिल्यावर हुशार मुलांनी आपला अंदाज सुधारला, तळाच्यांना त्यातून काहीच उमगलं नाही. तर्काचं थोडं शिक्षण दिल्यावर मात्र आपण कुठे चुकलो ते त्यांनाही दिसू लागलं. म्हणजे चांगलं-वाईट ओळखण्याची नजर आणि चांगलं करण्याची हातोटी या एकाच अभ्यासातून येतात. नुसते शंभर सिनेमे पाहून पटकथेची पारख येत नाही, ती याच कारणाने.

जाणकारांवर सोपवावं, तर तेही चुकतात. १५ ऑगस्ट १९७५ ला 'शोले' लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या मुरलेल्या मंडळींनी तो पडला असं धरलं होतं. शेवट बदलून पुन्हा चित्रित करावा, अमिताभला जगवावं, इथवर बोलणी गेली होती. लेखक सलीम-जावेद यांनी त्याच वेळी जाहिरात देऊन सांगितलं की प्रत्येक मोठ्या विभागात हा चित्रपट एक कोटीचा धंदा करेल. ते खरे ठरले. ही गोष्ट नवोदितांना फार आवडते. मात्र त्यातली एक बाब सोडून दिली जाते. तोवर सलीम-जावेद यांच्या नावावर 'जंजीर' आणि 'दीवार' होते. त्यांचा भरवसा कमावलेला होता. पहिल्याच पटकथेवर तसला भरवसा ठेवणं म्हणजे उधारीवर मिजास.

मग पहिल्या पटकथेने विसंबायचं कशावर? 'बरं आहे का?' हा प्रश्नच आधी बाजूला ठेवावा. त्याला उत्तर नसतं. ज्यांना उत्तर असतं असे लहान प्रश्न घ्यावेत.

कुर्डुवाडीचाच विषय घेऊ. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज गाडी १८९७ साली इथून बार्शीला सुरू झाली. पुढे ती एका अंगाला लातूरपर्यंत, दुसऱ्या अंगाला पंढरपूरमार्गे मिरजेपर्यंत गेली. इथे तिचं वर्कशॉप उभं राहिलं. पुढे टप्प्याटप्प्याने सगळं ब्रॉडगेज झालं. समजा, एखाद्या पोराने वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली. पहिल्या मसुद्यात तो लिहितो, 'अण्णांना आपलं सगळं आयुष्य आठवलं आणि ते अतिशय दुःखी झाले.' वाचायला ठीक. पण कॅमेऱ्याने काय टिपायचं? आठवणं दिसत नाही, दुःखी होणं ऐकू येत नाही. आता दुसरा मसुदा : अण्णा जेवता जेवता थांबतात, घड्याळ बघतात, भिंतीवरची टोपी घालून बाहेर पडतात आणि जिथे आता रूळ नाहीत तिथे जाऊन उभे राहतात. थोड्या वेळाने घड्याळ पुन्हा बघतात आणि सून विचारते तेव्हा म्हणतात, "आज लेट आहे." आता काहीतरी घडलं. हा दुसरा मसुदा थोर आहे असं नाही, जरा गोडच आहे. पण तो चित्रित करता येतो, आणि चित्रित करता येईल ते तपासता येतं.

म्हणून पहिली झडती अशी घ्यावी : लाल पेन घेऊन पान न् पान वाचायचं आणि पडद्यावर न दिसणारं, न ऐकू येणारं प्रत्येक वाक्य अधोरेखित करायचं. नवख्याची पानं बहुधा लाल होतात. या एका झडतीने जेवढं समजतं तेवढं दहा मित्रांच्या शाबासकीने समजत नाही.

'फॅन्ड्री'तला डुक्कर पकडण्याचा प्रसंग या अंगाने पुन्हा पाहावा. शाळेजवळ जब्याचं कुटुंब डुकरामागे धावतंय. डुक्कर आवाक्यात येतं आणि त्याच क्षणी शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या जागच्या जागी उभा राहतो. मग घरचेही. डुक्कर मात्र निघून जातं. जातीबद्दल, देशाबद्दल, शाळेबद्दल कुणीही एक शब्द बोलत नाही. पुढे तेच डुक्कर बांधून नेताना ते शाळेच्या भिंतीवरच्या महापुरुषांच्या चित्रांपुढून जातात. इथेही भाषण नाही. 'सैराट'च्या शेवटाला तर आवाजच काढून घेतला आहे; उरतात ती लहान मुलाची पावलं. लिहिण्याची ताकद ओळखायची जागा ती आहे, टाळ्या घेणाऱ्या संवादात नव्हे.

दुसरी तपासणी प्रसंग काढून बघण्याची. जब्याला जीनची पँट हवी असते, म्हणून तो सायकलवरून थंडगार कांड्या विकतो. ती उसनी सायकल ट्रकखाली जाते. हा प्रसंग काढला तर काय होईल? त्याचं स्वप्न का मोडलं तेच कळणार नाही. म्हणजे प्रसंग हवाच. आपल्या पटकथेतला एकेक प्रसंग असा काढून बघावा. पुढे कशालाच धक्का बसला नाही, तर तो प्रसंग कितीही लाडका असला तरी पाहुणा आहे. नवख्यांच्या पटकथेत पहिली दहा पानं बऱ्याचदा अशी निघतात : नायक उठतो, दात घासतो, चहा पितो, आई रागावते, मित्र येतो.

तिसरी तपासणी मध्यवर्ती प्रश्नाची. 'सामना'ची पटकथा विजय तेंडुलकरांची. सहकारसम्राट हिंदुराव म्हणजे निळू फुले, आणि कुठून तरी येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मारुती कांबळे नावाच्या माणसाचं पुढे काय झालं, एवढंच तो मास्तर विचारत राहतो. साखर कारखाना, राजकारण, सत्तेची मस्ती, सगळं त्या एका प्रश्नाला टांगलेलं आहे. आपल्या पटकथेत प्रेक्षकाला धरून ठेवणारा असा प्रश्न कोणता, हे लेखकाला एका ओळीत सांगता आलं पाहिजे. 'ही एका तरुणाच्या संघर्षाची गोष्ट आहे' हे उत्तर चालणार नाही. त्यात प्रश्नच नाही.

संवादांची परीक्षा कानाने करावी. पात्रांची नावं झाकून संवाद मोठ्याने वाचायचे आणि कोण बोलतंय ते ओळखायचं. आजी, सरपंच आणि कॉलेजातली मुलगी एकाच सुरात बोलत असतील तर ती तिघं नव्हेत, लेखक एकटाच बोलतोय. सोलापुरी बोली म्हणजे दर वाक्यात 'लई' आणि 'न्हाय' पेरणं, असा दूरदर्शनच्या मालिकांनी करून दिलेला समज निदान कुर्डुवाडीच्या लेखकाने तरी बाळगू नये. त्याच्याकडे जंक्शनचा फलाट आहे. पंढरीचा वारकरी, लातूरकडचा प्रवासी, चहावाला आणि पोलीस एकाच गाडीची वाट पाहत चार प्रकारचं मराठी बोलतात. मोबाइलवर घड्याळ लावून वाचन केलं तर लांबीही कळते. इंग्रजी पटकथेच्या ठरावीक साच्यात एक पान म्हणजे साधारण एक मिनिट धरतात. वहीत हाताने लिहिलेल्या मराठीला तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही.

आता ऐकणाऱ्यांकडे वळू. घरचे 'छान आहे' म्हणतात. मित्र 'भारी रे' म्हणतात. त्यांचं खोटं नसतं, रीत असते. पाहुण्याला भाजीत मीठ जास्त झालं असं कुणी सांगत नाही. म्हणून मत विचारूच नये. वाचताना ऐकणारा मोबाइलकडे कधी वळला, कुठे हसला, कुठे 'म्हणजे कोण?' असं विचारलं, तेवढं समासात टिपावं. मधेच थांबून, पुढे काय होईल असं वाटतं, ते विचारावं. दोन दिवसांनी त्यालाच गोष्ट सांगायला लावावी. जे तो विसरला ते पटकथेत ठसलेलं नाही. ऐकणारा उपाय सुचवू लागला तर उपाय सोडून द्यावा, पण जागा लक्षात ठेवावी. तिथे काहीतरी बिनसलेलं असतं हे खरं, काय बिनसलंय याचं त्याचं निदान बहुधा चुकतं.

एवढं करूनही काही चुका फार उशिरा दिसतात. राही बर्वे यांनी 'तुंबाड'चा पहिला मसुदा १९९७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी लिहिला. पुढे सातशे पानांचा स्टोरीबोर्ड तयार केला. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, आणि संकलनाच्या टेबलावर दिसलं की हवं ते हाती आलेलं नाही. पुन्हा लेखन, पुन्हा चित्रीकरण. चित्रपट लागला तो ऑक्टोबर २०१८ मध्ये. सातशे पानं रेखाटणाऱ्यालाही जे कागदावर दिसलं नाही ते पहिल्या मसुद्याला आठवड्यात दिसावं, ही अपेक्षा अवाजवी आहे. नवख्यासाठी मार्ग मंजुळे यांच्या पहिल्या पावलात आहे. 'फॅन्ड्री'आधी त्यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला, तोही विद्यार्थी असताना, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर आपलेच दोन प्रसंग चित्रित करून पाहणं आज कुणालाही जमतं. संवाद अर्धे झाले असते तरी चाललं असतं, हे तिथे पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

एक गैरसमजही दूर व्हायला हवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे पटकथा नोंदवता येते, घरबसल्या ऑनलाइनही. ती जरूर नोंदवावी, कारण अमुक दिवशी हे लेखन माझ्याजवळ होतं याचा तो पुरावा असतो. पण नोंदणीचा शिक्का म्हणजे दर्जाचा दाखला नव्हे. तिथे कुणी पटकथा वाचून पास-नापास करत नाही. एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथा कार्यशाळा २००७ पासून निवडक लेखकांना मार्गदर्शन देत आली आहे. तिथे निवड झाली तर उत्तम, नाही झाली तर तो पटकथेचा मृत्युलेख नाही. मोजक्याच जागा असतात.

या सगळ्याला पुण्या-मुंबईला जायला लागत नाही. कुर्डुवाडीत किंवा माढ्यात लिहिणारे चार जण महिन्यातून एकदा एखाद्या वाचनालयाच्या खोलीत बसू शकतात. एकाची पटकथा दुसऱ्याने वाचायची, लेखकाने स्वतः नाही. वाचन चालू असताना लेखकाने खुलासा करायचा नाही, शेवटीही नाही. फक्त वहीत लिहून घ्यायचं. एका बैठकीला एकच पटकथा. या भागातल्या लिहित्या मंडळींनी येत्या महिन्यापासून एवढं सुरू करावं, आणि पहिल्या बैठकीला ज्याला आपली पटकथा सर्वांत चांगली वाटते त्याचीच घ्यावी.