जुन्या फायबरच्या होडीस रंग कसा द्यावा

ज्यांचें शेत खाडीपलीकडे आहे, त्यांस होडी बैलजोडीइतकीच आवश्यक असते. फायबरच्या होडीस लांकडाप्रमाणें कीड लागत नाहीं. परंतु तिच्या चकचकीत थरास, म्हणजे जेलकोटास, उन्हानें कालांतरानें खडूसारखी भुकटी सुटते. गेल्या वर्षीं आम्हीं त्या भुकटीवरच भारी किंमतीचा रंग दिला. पहिल्याच पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघाले. दोष रंगाचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

प्रथम होडी साबणानें व गोड्या पाण्यानें धुवावी. मग थिनरच्या फडक्यानें मेण व तेलकटपणा पुसावा. हें घासण्यापूर्वींच करावें, नाहीं तर मेण चरांत शिरतें. जुना रंग थिनरनें मऊ पडला, तर त्यावर दोन डबे मिसळून लावावयाचा रंग देऊं नये. खालचा थर उचलला जातो. तडे इपॉक्सीच्या लांबीनें बुजवावे, ८० नंबरच्या काचकागदानें घासावें व नाकातोंडावर धूळरोधक मुखपट्टी बांधावी. होडी पुरी सुकल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्यावे. २२० नंबरनें घासून वर रंगाचे दोन पातळ हात द्यावे. दंव उडाल्यावर, सावलींत काम करावें.

सदैव पाण्यांत राहणाऱ्या होडीच्या बुडास साधें एनामल देऊं नये, फोड येतात. तेथें इपॉक्सीवर शेवाळ-कालवें रोखणारा रंग द्यावा. रोज काठावर ओढली जाणाऱ्या होडीस तो खर्च नको.

दोन डब्यांच्या पॉलियुरेथेन रंगांत आयसोसायनेट असतें. त्याच्या फवाऱ्यानें दमा जडूं शकतो व रुमाल बांधून रक्षण होत नाहीं. म्हणून तो फवारूं नये, हातमोजे घालून मोकळ्या हवेंत ब्रशानेंच लावावा.