न जाणवलेला विचार हा विचार असतो का?

अकोल्याच्या कापूस बाजारात मुरलेला ग्रेडर गाठीतून चिमूटभर रुई काढतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ती ओढतो, तुटलेले तंतू पुन्हा एकावर एक ठेवून ओढतो. तंतू सरळ झाले की लांबी सांगून मोकळा होतो. कशावरून, असं विचारलं तर म्हणतो, "हाताले समजते जी."

मग त्याच्या नकळत आत हिशेब झाला का? तत्त्वज्ञानातला हा जुना वाद आहे. फ्रॉइडनं १९१५ च्या निबंधात म्हटलं, की जाणिवेतली साखळी ठिकठिकाणी तुटलेली असते. मधल्या कड्या नेणिवेतल्या विचारांच्या मानल्या, तरच ती जुळते. ज्यांची व्याख्यानं त्यानं व्हिएन्नात ऐकली होती, त्या ब्रेन्टानोंनी १८७४ मध्येच असा युक्तिवाद फेटाळला होता. परिणाम दिसला म्हणून त्यामागे विचारच असला पाहिजे, असं कुठे आहे? सवयही पुरेल.

आपल्याकडे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, इथे फार बारीक भेद केला, आणि मला तो अजूनही सर्वांत उपयोगी वाटतो. अनुभवाचा संस्कार मागे राहतो. तो स्वतः जाणवत नाही, आठवण आली की त्याचं अनुमान करायचं. पण संस्कार म्हणजे ज्ञान नव्हे. आत ठसा राहतो, विचार चालू राहत नाही.

अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे आणि पुढे 'आजचा सुधारक' काढणारे दि. य. देशपांडे यांचा आग्रह असे, की पुरावा जेवढा, विश्वास तेवढाच. या मापानं ग्रेडरच्या बोटांचं संस्कारावर भागतं. हजारो गाठींचा सराव पुरेसा आहे. फ्रॉइड सांगतो त्या दडपलेल्या इच्छेचं तसं नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रनं १९४३ मध्ये विचारलं, की नको ती इच्छा अडवणाऱ्या मनातल्या पहारेकऱ्याला आपण काय अडवतोय हे ठाऊक नको का? या आक्षेपाचं समाधानकारक उत्तर मला सापडलेलं नाही. म्हणूनच 'तुमच्या अबोध मनात वडिलांबद्दल राग आहे' असं कुणी ठामपणे सांगितलं, तर पुरावा मागावा.

तरी एक उदाहरण संस्कारात बसत नाही. फ्रेंच गणिती पॉइन्कारे सहलीला निघाले होते, गणित बाजूला पडलं होतं. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि गणितातला नवा दुवा एकदम सुचला. संस्कार जुनंच परत आणतो. इथे तर पूर्वी कधीच न जोडलेल्या दोन गोष्टी जुळल्या. वैशेषिक दर्शनाच्या प्रशस्तपादांनी अशा स्फुरणाला प्रातिभ ज्ञान म्हटलं आणि 'उद्या माझा भाऊ येणार, असं मन सांगतं' असं म्हणणाऱ्या मुलीचा दाखला दिला. पण ते झालं सुचल्यानंतरचं ज्ञान. सुचण्याआधी ती जोडणी कुणी केली, या प्रश्नावर मला फ्रॉइडच्या बाजूला एक पाऊल सरकावं लागतं.