भटेरी, न्यूयॉर्क आणि आपल्या भिंतीवरचा फलक

दहा किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील त्या प्रत्येक कार्यालयात, कारखान्यात, शाळेत आणि दवाखान्यात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीच्या नेमणुकीच्या आदेशाचा फलक दर्शनी भागात लावणे कायद्याने बंधनकारक आहे. महाराष्ट्रात या समितीला लोक अजूनही ‘विशाखा समिती’च म्हणतात. लैंगिक छळ कशाला म्हणायचे, तेही समितीच्या परिपत्रकात लिहिलेले असते : शारीरिक स्पर्श व लगट, शरीरसुखाची मागणी किंवा विनंती, लैंगिक रोखाचे शेरे, अश्लील साहित्य दाखवणे, आणि नकोसे वाटणारे अन्य कोणतेही शारीरिक, शाब्दिक वा निःशब्द लैंगिक वर्तन. हा मजकूर मुळात दिल्लीच्या मंत्रालयात तयार झालेला नाही. त्यातला बराचसा भाग जानेवारी १९९२ मध्ये न्यूयॉर्कला बसलेल्या एका समितीच्या कागदावरून आला. आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला तो राजस्थानातल्या एका कुंभार बाईवर ओढवलेल्या प्रसंगामुळे.

न्यूयॉर्कची ती समिती कुठून आली ते आधी पाहू. १९४५ साली सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली जात होती, तेव्हा सही करणाऱ्यांत स्त्रिया अवघ्या चार होत्या. ब्राझीलच्या बर्था लुट्झ आणि डॉमिनिकन रिपब्लिकच्या मिनर्व्हा बर्नार्दिनो यांनी हट्ट धरला, म्हणून स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख सनदेत राहिला. पुढच्याच वर्षी स्त्रियांच्या दर्जाविषयीचा आयोग उभा राहिला आणि त्या कामात सुरुवातीपासून भारताच्या हंसा मेहता होत्या. या आयोगाच्या कित्येक वर्षांच्या खटपटीतून १८ डिसेंबर १९७९ रोजी आमसभेने स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाच्या निर्मूलनाचा करार मंजूर केला. बाजूने १३० मते पडली, विरोधात एकही नाही, दहा देश तटस्थ. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘सीडॉ’ म्हणतात. भारताने १९८० मध्ये त्यावर सही केली आणि १९९३ मध्ये त्याला अनुमोदन दिले.

या कराराला ना पोलीस आहेत, ना तुरुंग. अनुमोदन देणाऱ्या देशाने एका वर्षात पहिला अहवाल द्यायचा, नंतर दर चार वर्षांनी. आणि २३ तज्ज्ञांच्या समितीने, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्याच समितीने, तो वाचून प्रश्न विचारायचे. एवढीच त्याची यंत्रणा. शिवाय करारात एक मोठी उणीव होती. शिक्षण, नोकरी, आरोग्य, मतदान, विवाह, ग्रामीण स्त्रिया असे विषय असलेल्या त्याच्या ३० कलमांत हिंसाचारावर स्वतंत्र कलमच नव्हते. ही उणीव समितीने १९९२ च्या एकोणिसाव्या सर्वसाधारण शिफारशीने भरून काढली. स्त्रीवर ती स्त्री आहे म्हणून होणारी हिंसा हा भेदभावच आहे, असे तिने म्हटले आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या छळाची व्याख्या करून टाकली : नकोसा स्पर्श, लैंगिक शेरे, अश्लील साहित्य दाखवणे, लैंगिक मागण्या. अशा शिफारशी फायलींमध्ये पडून राहतात, हा नेहमीचा अनुभव. ही पडून राहिली नाही.

त्याच वर्षीची भटेरीची गोष्ट. जयपूरपासून जवळच्या या गावात भंवरी देवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून तुटपुंज्या मानधनावर काम करत. त्या वर्षीच्या आखातीजेला, म्हणजे आपल्या अक्षय तृतीयेला, गावातल्या एका वजनदार गुर्जर कुटुंबात जेमतेम वर्षाच्या आतल्या मुलीचे लग्न ठरले होते. ते थांबवणे हे साथिनचे कामच होते. त्यांनी प्रयत्न केला, पोलीस आले आणि गेले, लग्न लागले. मग गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. २२ सप्टेंबर १९९२ रोजी शेतात नवऱ्याला मारहाण करून त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. पोलीस ठाण्यात पुरावा म्हणून अंगावरचा लेहेंगा ठेवून घेतला आणि नवऱ्याचा रक्ताने माखलेला साफा गुंडाळून त्यांना परतावे लागले. वैद्यकीय तपासणी व्हायला दोन दिवस उलटून गेले. नोव्हेंबर १९९५ मध्ये जयपूरच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले. भंवरी देवींनी नाव लपवले नाही, गावही सोडले नाही.

फौजदारी खटल्याचे काय व्हायचे ते झाले; पण त्याच्या बाजूने दुसरी वाट काढली ती स्त्री संघटनांनी. साथिन सरकारी काम करत होती आणि त्या कामामुळेच तिच्यावर सूड उगवला गेला, तर तिला काम देणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? हा प्रश्न घेऊन जयपूरची ‘विशाखा’ ही संस्था आणि तिच्यासोबतच्या इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. भारतात तेव्हा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता. न्यायालय कायदा लागू करते. नसलेला कायदा कसा लागू करणार?

१३ ऑगस्ट १९९७ च्या ‘विशाखा’ निकालात त्याचे उत्तर आहे. सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांनी तो लिहिला आणि पीठावर बी. एन. कृपाल यांच्यासोबत सुजाता मनोहर होत्या. १९७८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झालेल्या, पुढे त्याच न्यायालयाच्या पहिल्या महिला मुख्य न्यायाधीश झालेल्या त्याच सुजाता मनोहर. युक्तिवाद असा : राज्यघटनेची १४, १५, १९ आणि २१ ही कलमे समानता, व्यवसाय आणि सन्मानाने जगण्याचा हक्क देतात, देशाचा कायदा जिथे गप्प आहे आणि आंतरराष्ट्रीय कराराचा घटनेशी विरोध नाही, तिथे त्या करारातला आशय मूलभूत हक्कांच्या अर्थात वाचता येतो. सरकारने सीडॉला अनुमोदन दिले होते ते ही याचिका प्रलंबित असताना, आणि १९९५ च्या बीजिंग परिषदेत जाहीर आश्वासनेही दिली होती. न्यायालयाने ती दोन्ही सरकारसमोर ठेवली. करारावर सही केलेले सरकार त्याप्रमाणे वागेल अशी अपेक्षा नागरिक ठेवू शकतो, यासाठी ऑस्ट्रेलियातल्या १९९५ च्या एका निकालाचाही आधार घेतला. आणि संसद कायदा करेपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे देताना छळाची व्याख्या बहुतांशी त्या एकोणिसाव्या शिफारशीतूनच उचलली. भटेरीच्या शेतातली तक्रार आणि न्यूयॉर्कचा कागद इथे एकत्र आले.

आंतरराष्ट्रीय सहकार्याचे खरे मोल मला इथे दिसते. परदेशातून कुणी येऊन हक्क देत नाही. आपल्याच सरकारने जगासमोर दिलेला शब्द आपल्याच बायका न्यायालयात उभ्या राहून मागू शकतात, आणि त्यासाठी तो शब्द कुठेतरी सहीनिशी लिहिलेला असावा लागतो. भंवरी देवींनी तक्रारच केली नसती, किंवा संघटना दिल्लीपर्यंत गेल्या नसत्या, तर ती शिफारस आपल्यासाठी नुसता कागद राहिली असती. हे बळ सीमेपलीकडेही गेले : बांगलादेशच्या उच्च न्यायालयाने मे २००९ मध्ये तिथल्या महिला वकिलांच्या संघटनेच्या याचिकेवर विशाखाच्याच धर्तीवर मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

शब्द देताना भारताने हात राखूनही ठेवला. कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय हस्तक्षेप करणार नाही, असे अनुमोदनासोबत जाहीर केले. विवाहनोंदणी सक्तीची करणे एवढ्या मोठ्या देशात व्यवहार्य नाही, असेही लिहिले. मला हे पटत नाही. ‘मुंबई विवाहनोंदणी कायदा’ १९५३ चा होता. महाराष्ट्र आणि गुजरातेत नोंदणीची सक्ती तेव्हापासून कायद्यात आहे. या दोन मोठ्या राज्यांच्या कायद्यात जे अनुमोदनाच्या चाळीस वर्षे आधीच आले होते, ते अव्यवहार्य कसे? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या निकालात सर्व राज्यांना सक्तीच्या नोंदणीचे नियम करायला सांगितले. एखाद्या स्त्रीला थेट सीडॉ समितीकडे दाद मागता यावी म्हणून १९९९ मध्ये जो पूरक करार झाला, त्यात भारत नाही. कामाच्या जगातील हिंसा आणि छळ संपवण्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने जून २०१९ मध्ये १९० क्रमांकाचा करार मंजूर केला. त्यालाही भारताचे अनुमोदन नाही. सध्या मात्र सर्वांत जास्त काम आपल्या घरातच बाकी आहे.

विशाखाची तत्त्वे कायद्यात उतरायला सोळा वर्षे लागली. २०१३ च्या कायद्याच्या प्रास्ताविकेतच सीडॉचे नाव आहे, आणि कामगाराची व्याख्या एवढी रुंद आहे की पगारी असो, मानधनावरची असो की स्वयंसेवक, तिला संरक्षण मिळते. कामानिमित्त जावे लागते ती प्रत्येक जागा कामाचीच जागा धरली आहे. भंवरी देवींना १९९२ मध्ये हे मिळाले नव्हते. वाड्या-वस्त्यांवर फिरणारी आशाताई, अंगणवाडी सेविका, चार घरची धुणीभांडी करणारी बाई या सगळ्या त्यात येतात. ज्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती नाही त्यांनी जायचे ते जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे, आणि तक्रार तिथवर पोहोचवायला प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी असायला हवा.

गोवा विद्यापीठातील एका प्रकरणाच्या निमित्ताने मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्याची झाडाझडती घेतली आणि अंमलबजावणीतल्या गंभीर त्रुटींवर बोट ठेवले. त्याच प्रकरणात डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा मुदती घालून द्याव्या लागल्या : प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समिती स्थापन करा, तालुक्याला नोडल अधिकारी द्या. कायदा होऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती. आपल्या तालुक्याचा नोडल अधिकारी कोण, हे तहसील कार्यालयात विचारले तर सांगावेच लागेल. आशाताईला ते नाव आणि फोन नंबर तिच्या वहीत लिहून हवा आहे.