सीताफळाच्या पाल्याची परीक्षा

लेखमाला : पानातलं औषध – भाग सातवा

यवतहून भुलेश्वरच्या डोंगराकडे निघालं की उसाचं बागायत मागं पडतं. घाट चढून माळशिरसच्या अंगाला गेलं की पुरंदरचा सीताफळाचा मुलूख सुरू होतो. या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला सीताफळाच्या पाल्याचा गुण नव्यानं सांगावा लागत नाही. शेळी त्याला तोंड लावत नाही, म्हणून बांधावरचं झाड कुंपणावाचून वाढतं. दशपर्णी अर्काच्या पिंपात कडुनिंब, निर्गुंडी, करंज, रुई यांच्या जोडीनं हा पाला पडतो, कारण त्यानं कीड मरते. बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावताना डोळ्यांत गेली, तर डोळ्याला चांगलीच इजा होते.

हाच पाला गेली काही वर्षं कॅन्सरवरचा उपाय म्हणून मोबाइलवर फिरतो आहे. सीताफळाचं भाऊबंद झाड म्हणजे लक्ष्मणफळ. त्याच्या पानांचा काढा केमोथेरपीपेक्षा दहा हजार पटींनी प्रभावी, असा मजकूर वाचकांपैकी अनेकांपर्यंत पोचला असेल. त्या आकड्यामागे एक खरा प्रयोग आहे, म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ साली तो प्रसिद्ध केला. लक्ष्मणफळाच्या बियांमधून त्यांनी एक शुद्ध द्रव्य वेगळं केलं. काचपात्रात वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरपेशींवर ते ॲड्रिअमायसिन या केमोथेरपीच्या औषधाहून दहा हजार पटींनी कमी मात्रेत परिणाम करताना दिसलं. प्रयोगात पान नव्हतं, काढा नव्हता आणि माणूसही नव्हता. फिरणाऱ्या मजकुरातून नेमकं एवढंच गळालं.

गेल्या आठवड्यात झाडाची शास्त्रीय ओळख पटवून त्याचा वाळवलेला नमुना संग्रहात जमा करण्याबद्दल लिहिलं होतं. पुण्यात त्यासाठी आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालयही आहे. ओळख पटली असं धरून पान तपासण्याची पुढची वाट आज समजून घेऊ.

पाला सावलीत वाळवतात, कारण कडक उन्हात काही घटक मोडतात. भरड पूड करून ती एकामागून एक द्रावकांत काढतात : आधी पेट्रोलियम ईथर, मग क्लोरोफॉर्म किंवा इथाइल ॲसिटेट, मग मिथेनॉल आणि शेवटी पाणी. प्रत्येक द्रावक पानातला आपापला वाटा उचलतं. मेणचट घटक आधीच्या द्रावकांत उतरतात. टॅनिनं आणि साखरेला जोडलेले घटक शेवटच्या दोहोंत. सीताफळाच्या कुळातली जालीम द्रव्यं, म्हणजे ॲसिटोजेनिनं, मेणचट प्रकृतीची आहेत. उकळत्या पाण्यात ती थोडीच येतात. त्यामुळे घरचा काढा आणि प्रयोगशाळेतला अर्क एकाच पानाचे असले, तरी त्यांच्यातला माल वेगळा असतो.

आता पेशी. पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळा तिथल्या पेशीसंग्रहातून कॅन्सरच्या पेशी मागवतात. त्यांतल्या हेला पेशी १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून, तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि आजही वाढत आहेत. अशा प्रयोगांचा अहवाल वाचताना तिचं नाव मनात असावं असं मला वाटतं.

तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या प्लेटला ९६ खळगे असतात. प्रत्येकात ठरावीक पेशी सोडून प्लेट ३७ अंश सेल्सिअसला ठेवतात. पेशी तळाला चिकटल्या की अर्क घालतात, बहुधा एका मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम अशा चढत्या मात्रांत. काही खळग्यांत अर्क अजिबात नसतो. काहींत अर्क विरघळवायला वापरलेलं द्रावक तेवढं असतं, कारण ते स्वतःच पेशींना मारक ठरू शकतं. काहींत ॲड्रिअमायसिनसारखं जुनं औषध असतं. दोन दिवसांनी उरलेल्या पेशी पक्क्या करून गुलाबी रंग देतात. हा रंग पेशींतल्या प्रथिनांना धरतो. जितका गडद, तितक्या पेशी जास्त. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. तिथं बाहेरच्या संशोधकांची द्रव्यंही या पद्धतीनं तपासून दिली जातात.

दुसरी लोकप्रिय पद्धत एमटीटी. तिच्यात जिवंत पेशी पिवळ्या द्रव्याचं जांभळं करतात. वनस्पतींच्या बाबतीत इथं मोठा धोका आहे. पानातली पॉलिफेनॉलं पेशींच्या मदतीशिवायही ते द्रव्य जांभळं करू शकतात. म्हणून पेशी न घालता फक्त अर्क घातलेले खळगेही ठेवावे लागतात. ते न ठेवता छापलेल्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवत नाही.

शेवटी हाती एक आकडा येतो : पेशींची वाढ निम्मी करणारी मात्रा. कच्च्या अर्कासाठी ती मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा कमी आणि शुद्ध द्रव्यासाठी १० किंवा कमी असेल, तरच पुढे जावं, असा सर्वसाधारण दंडक आहे. पदव्युत्तर प्रबंधांत मात्र दोन-अडीचशे मायक्रोग्रॅमलाही ‘उत्तम कॅन्सररोधी गुण’ म्हटलेलं आढळतं. एवढ्या मात्रेत स्वयंपाकघरातल्या कितीतरी जिनसांचे अर्कही पेशी मारतील. मार्गदर्शकांनी हे विशेषण थोपवलं पाहिजे. २० च्या आत आकडा आला तरी निरोगी पेशींवर तोच अर्क तपासल्याशिवाय त्याला अर्थ नाही. कॅन्सरपेशी मारणं फार अवघड नाही. शेजारची निरोगी पेशी राखून ती मारणं अवघड आहे.

या वाटेनं औषधापर्यंत पोचलेलं पान आपल्या अंगणातच आहे : सदाफुली. १९५२ साली जमैकातून एका रुग्णानं क्लार्क नोबल या कॅनेडियन डॉक्टरांना तिची २५ पानं पाठवली. तिकडे त्यांचा चहा मधुमेहासाठी पीत. क्लार्क यांचे भाऊ रॉबर्ट नोबल यांनी अर्क उंदरांना पाजला, तर रक्तातली साखर हललीच नाही. टोचून दिला, तेव्हा उंदीर जंतुसंसर्गानं मेले. रॉबर्ट यांनी कारण शोधलं : रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या. मग ज्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, तिथं हे चालेल का? १९५८ साली चार्ल्स बीअर यांच्यासह त्यांनी विनब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास एली लिली कंपनीचे संशोधकही त्याच पानावर काम करत होते. तिथून व्हिन्क्रिस्टिन आलं आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लहान मुलांच्या तीव्र रक्तकर्करोगावरच्या उपचारांत ते आजही आहे.

पण मात्रा पाहा. एक ग्रॅम विनब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पानं लागतात. व्हिन्क्रिस्टिन शिरेतूनच देतात आणि एका वेळी सहसा २ मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे मज्जातंतूंना इजा होते. सकाळी सदाफुलीची पानं चावणाऱ्याच्या पोटात काय आणि किती गेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही.

या साऱ्याला किती वर्षं लागतात, त्याचा हिशेब नंदुरबारला जन्मलेल्या मनसुख वाणी यांच्या कामात मिळतो. मुंबई विद्यापीठातून शिकून ते अमेरिकेला गेले. तिथं मन्रो वॉल यांच्यासोबत त्यांनी १९६६ साली चिनी वृक्षातल्या कॅम्पटोथेसिनची आणि १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतल्या टॅक्सॉलची रचना उलगडली. यूची साल १९६२ साली गोळा केली होती. टॅक्सॉलला मान्यता मिळाली १९९२ साली. कॅम्पटोथेसिनच्या रुग्णांवरच्या पहिल्या चाचण्या विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून घडवलेली औषधं अमेरिकेत १९९६ साली आली. तेच कॅम्पटोथेसिन आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही आहे. ते १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातल्या गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवलं.

आता पुन्हा सीताफळाच्या कुळाकडे. ॲसिटोजेनिनं पेशीचा ऊर्जा तयार करण्याचा मार्गच अडवतात. कीड त्यानंच मरते आणि काचपात्रातली कॅन्सरपेशीही. पण मेंदूच्या पेशींनाही तीच ऊर्जा लागते, तीही भरपूर. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वाडलूप बेटावर पार्किन्सनसारख्या आजाराचे नेहमीपेक्षा वेगळे रुग्ण मोठ्या प्रमाणात आढळले. त्यांच्या खाण्यापिण्यात लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा चहा असल्याचं १९९९ साली नोंदवलं गेलं. पुढे लक्ष्मणफळातलं ॲनोनासिन हे द्रव्य उंदरांच्या शिरेतून सलग दिल्यावर त्यांच्या मेंदूत इजा दिसली. त्या बेटावरच्या आजाराचं हेच एकमेव कारण, असं यातून सिद्ध होत नाही. तरीही हा काढा रोज पिण्याचा सल्ला कुणी देऊ नये, इतकं त्यात नक्की आहे.

यवत-पुरंदर परिसरातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी भुलेश्वरच्या डोंगरावरची झाडं जरूर तपासावीत. निरोगी पेशींवरचा निकाल शेजारी छापावा आणि फसलेला प्रयोगही छापावा. आणि वाचकहो, घरात कॅन्सरचा रुग्ण असेल आणि कुणाच्या सांगण्यावरून पाल्याचा काढा, रस किंवा पूड सुरू असेल, तर पुढच्या तपासणीला ती पुडी किंवा ते पान सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका. चालू उपचार मात्र एक दिवसही थांबवू नका.