खारकेची बी

आईने सांगलीहून पाठवलेली खारीक डिंकाच्या लाडवांसाठी फोडायला बसले, की पुढ्यात बियांचा ढीग साचतो. दरवर्षी तो मी कचऱ्यात टाकत असे. गेल्या वर्षी आमच्या ओमानी शेजारीणबाईंनी मला अडवले. मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "टाकू नका. गावी शेळ्यांना उकडून घालू." मग हसून म्हणाल्या, "ही खारीक बहुधा आमच्याकडचीच असेल!"

असेलही. ओमानच्या शर्किया भागात मबसली जातीचा पिवळा खजूर उन्हाळ्यात मोठ्या कढयांत उकडून वाळवतात आणि खारीक म्हणून भारतात पाठवतात.

नारळाचे काहीच वाया जात नाही, हे मी शाळेत मुलांना शिकवले. खजुराचेही तसेच, हे इथे येऊन कळले. झावळ्यांची घरे आणि 'शाशा' नावाच्या होड्या इथल्याच. निझवाच्या किल्ल्यातल्या 'मदबसा' या खोलीत खजुराची पोती एकावर एक रचत; भाराने पाझरणारा पाक जमिनीतल्या पन्हळींतून गोळा होई. उरली बी.

त्या बीमध्येही तेल असते. मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यापासून बायोडिझेल करून दाखवले आहे. बी दळून तेल काढायचे, मग उत्प्रेरक घालून मिथेनॉलशी त्याची प्रक्रिया करायची. उरलेला चोथा जनावरांना घालता येतो किंवा पाणी शुद्ध करणारा कोळसा करायला वापरता येतो.

मी शिक्षिकेच्या सवयीने हिशेब मांडला. ओमानात वर्षाला साडेतीन लाख टनांहून अधिक खजूर पिकतो. बी त्याच्या दहा टक्के धरली आणि बीतले तेलही दहा टक्के धरले, तरी तेल साडेतीन हजार टनांच्या आसपास. तेही प्रत्येक बी गोळा झाली तर! खनिज तेलाच्या देशात हे चिमूटभरच.

तरी मला ते मोलाचे वाटते. इंडोनेशियात, मलेशियात पामतेलासाठी जंगले तुटली. इथे नवी जमीन लागत नाही, कुणाच्या तोंडचा घास जात नाही. झाड इथलेच, फळ आधी माणसाने खायचे, इंधन त्यानंतर. मात्र बी ढिगाने मिळते ती खजूर सोलून भरणाऱ्या कारखान्यांत. तेलाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. घरोघरच्या वाटीभर बियांसाठी गाडी फिरवली, तर मिळेल त्याहून जास्त डिझेल जळेल.

माझ्या वाटीभर बिया म्हणूनच शेळ्यांच्या. यंदा ओट्याखाली त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवला आहे.