पडलेल्या माणसाला उठवायचे कसे?



भाताची कापणी सुरू झाली की आजाऱ्यांच्या घरून आम्हाला येणारी बोलावणी वाढतात. कोणी ओल्या बांधावरून घसरलेला असतो, कोणी भाऱ्याने भरलेल्या गाडीवरून खाली आलेला असतो. पावसाळ्यातल्या तापाने निथळून गेलेली माणसे असतात, ऑपरेशन करून नुकती घरी आणलेली असतात. आम्ही घरात शिरतो तेव्हा खाट बहुधा माजघरात हलवलेली दिसते. उशाशी पाण्याचा तांब्या, औषधांची पिशवी आणि जपमाळ. सून चमच्याने पेज भरवते. दंगा नको म्हणून नातवंडांना बाहेर पिटाळलेले असते. मायेत कुठे काही कमी नसते. पण चौकशी केली की कळते, प्लास्टर काढून दोन महिने झाले. हाड जुळले आणि माणूस मात्र खाटेवरच राहिला.

आमचे बोलणे काही घरांना कठोर वाटेल, तरी ते बोलले पाहिजे. अशा माणसाचा पुढचा अशक्तपणा पुष्कळदा मूळ दुखण्याचा नसतो, तो खाटेचा असतो.

याबाबत शरीरशास्त्राने जे शोधून काढले आहे ते ऐकून आम्हीही चकित झालो. १९६६ साली अमेरिकेतील डॅलस शहरी वीस वर्षांच्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवून पाहिले. त्यांना आजार काहीही नव्हता. तीन आठवड्यांनी त्यांची दमसासाची ताकद मोठ्या प्रमाणात घटली होती. तीस वर्षांनी, म्हणजे १९९६ मध्ये, त्याच पाच जणांना पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांची जितकी ताकद नेली होती, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेली होती, असे आढळले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात साठी ओलांडलेली निरोगी माणसे फक्त दहा दिवस अंथरुणावर राहिली. खाणेपिणे नेमाने चालू होते. तरी दहा दिवसांत दोन्ही पायांचे मिळून सुमारे एक किलो मांस झडले. आता विचार करा, ज्याला ताप आहे, जखम आहे, आणि ज्याचे वय सत्तरीच्या पुढे आहे, त्याचे काय होत असेल!

असे होण्याचे कारण सोपे आहे. स्नायू रोज थोडा मोडतो आणि रोज थोडा बांधला जातो. ओझे पडले, चालणे झाले, तर बांधकाम पुरे होते. ओझेच नसेल तर शरीर हिशेबी मालकासारखे वागते आणि बिनकामाच्या गड्याला पगार देत नाही. हाडांतला चुना कमी होतो. सतत आडवे राहिल्याने उठताना रक्तदाब खाली येतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. घरची माणसे ती पाहून घाबरतात आणि आजाऱ्याला पुन्हा निजवतात. छातीत कफ साठतो, पाठीला व कुल्ल्यांना जखमा होतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचे भय राहते.

"फादर, आम्ही जन्मभर शेतात राबणारी माणसे, आम्हाला व्यायाम कसला सांगता?" हा प्रश्न आम्हाला दर वेळी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर तुमच्या गोठ्यातच आहे. बैलाचा खांदा सुजला आणि महिनाभर त्याच्यावर जू ठेवले नाही, तर खांदा बरा झाल्यावर पहिल्याच दिवशी तुम्ही त्याला दिवसभर नांगराला जुंपता काय? नाही. आधी रिकाम्या गाडीला, मग अर्ध्या दिवसाच्या कामाला, आणि मग नांगराला. त्याला कायमचा गोठ्यातही बांधून ठेवत नाही. जनावराच्या बाबतीत जे शहाणपण आपण दाखवतो, ते घरच्या म्हाताऱ्या आईच्या बाबतीत कुठे जाते, कोण जाणे.

आमच्या धर्मग्रामातील एक बाई खळ्यात पडल्या व त्यांचे खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरांनी त्यांना काठीच्या चौकटीला धरून उभे केले होते. घरी आल्यावर मात्र मुलांनी "आईला त्रास नको" म्हणून सहा आठवडे निजवून ठेवले. आम्ही गेलो तेव्हा मांडीचा घेर पाहून वाईट वाटले. भात लावणीला दिवसभर वाकणारी बाई ती! डॉक्टरांना पुन्हा विचारून त्यांना खाटेच्या कडेला बसवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटे बसल्या, तेही रडत. पुढे काय झाले ते थोडक्यात सांगायचे तर त्या आज चुलीपाशी बसून भाकऱ्या थापतात. लावणीला मात्र आता जात नाहीत.

ज्यांना याहून मोठे उदाहरण हवे, त्यांच्यासाठी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर भागातले श्री. मुरलीकांत पेटकर आहेत. सैन्यात असताना ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. पुढे १९७२ साली पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळवले. त्या स्पर्धेत भारतीयाला मिळालेले ते पहिले सुवर्णपदक. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर हिंदी चित्रपट निघाल्यावर तरुण मंडळींना त्यांचे नाव कळले. पण आमचे लक्ष पदकाकडे नाही. पेटकर पाण्यात उतरले ते उपचार म्हणून. जे हात शाबूत होते त्यांना काम देण्यासाठी ते पोहू लागले.

ही रीत त्या काळी तशी नवीच होती. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पाठीचा कणा मोडलेला माणूस म्हणजे थोड्या दिवसांचा सोबती, असे डॉक्टरही मानीत. अंगावरच्या जखमा आणि लघवीचे दोष त्याला काही काळातच नेत असत. १९४४ पासून इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलण्याचा नेम घातला आणि मग त्याला चेंडू, धनुष्यबाण असे काहीतरी हाताने करायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी त्यांनी १६ जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. त्यांत दोन स्त्रियाही होत्या. हायडेलबर्गची स्पर्धा त्याच रोपट्याची फांदी होय.

आपल्या देशात हे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मेरी वर्गीज यांनी उभे केले. १९५४ साली मोटार अपघातात त्यांचा स्वतःचा कणा मोडला. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या, परदेशी जाऊन पुनर्वसनाचे शास्त्र शिकल्या, आणि १९६६ मध्ये वेल्लोरला पुनर्वसन संस्था सुरू झाली. काजूच्या किंवा आंब्याच्या झाडावरून पडून ज्यांचे पाय गेले, त्यांच्या घरच्यांनी अशी ठिकाणे देशात आहेत हे ध्यानात ठेवावे. मांत्रिक आणि मालिशवाले यांच्या दारात महिने घालवू नयेत.

आता घरी काय करावे ते सांगतो. मोडलेले हाड, पक्षाघात, हृदयाचा विकार किंवा ताजे ऑपरेशन असेल तर पायावर किती भार द्यायचा हे आधी डॉक्टरांना विचारावे, आणि विचारल्याखेरीज दवाखान्यातून घरी येऊ नये. एकदा परवानगी मिळाली की माणसाला दिवसातून तीन-चार वेळा खाटेच्या कडेला पाय खाली सोडून बसवावे. जेवण शक्यतो बसूनच द्यावे. अंधारी येत असेल तर उठण्यापूर्वी पावले वरखाली हलवायला लावावी, मग थोडे बसून उभे करावे. आडवे असतानाही पावलांची हालचाल, मांडीचा स्नायू आवळून सोडणे आणि खोल श्वास घेणे ही कामे करता येतात.

पुढची पायरी म्हणजे खुर्चीवरून उठणे आणि पुन्हा हळूच बसणे. आमच्या गावांतल्या तालमीत पोरे बैठका मारतात, तीच ही बैठक, फक्त खुर्चीच्या आधाराची. सुरुवातीला हातांचा आधार घेऊन तीन-चार वेळा पुरे. आठवड्याने पाच, मग आठ, मग दोन खेपा. बसताना धप्पकन पडू नये. हळू बसण्यातच निम्मा फायदा आहे. भिंतीला तळवे टेकून पुढे-मागे होणे हा झाला जोर. पाण्याने भरलेला छोटा तांब्या उचलणे हे झाले वजन. मग अंगण, मग विहिरीपर्यंत, मग देवळापर्यंत चालणे. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपतच दम लागू द्यावा. छातीत दुखले, घेरी आली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर थांबावे व डॉक्टर गाठावा.

"या वयात आता कसली ताकद येणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी १९९० साली प्रसिद्ध झालेली बॉस्टनची हकिगत आहे. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा माणसांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. एक जण मध्येच थांबला. बाकीच्यांची मांडीची ताकद आठ आठवड्यांत सरासरी पावणेतीन पट झाली, आणि दोघांनी चालताना काठी सोडली.

व्यायामाइतकेच ताटही महत्त्वाचे, आणि येथे आमच्या माऊलींशी आमचा थोडा वाद आहे. आजाऱ्याला पेज आणि लोणचे, हा आपल्याकडचा जुना रिवाज. पहिले दोन दिवस पेज ठीक. पण महिनाभर पेजेवर ठेवलेल्या माणसाच्या अंगावर मांस कशाने चढायचे? पेजेत प्रथिने फार थोडी असतात. आजारातून उठणाऱ्या वृद्धाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक, शंभर ग्रॅम कोरड्या कुळथात त्याहून थोडी जास्त. तेव्हा पेज द्यायची तर तिच्याबरोबर कुळथाची पिठी, मुगाचे कढण, उकडलेले अंडे, दूध यांपैकी काहीतरी प्रत्येक वेळी द्यावे. कोंबडीची अंडी बाजारात विकून आजाऱ्यासाठी शक्तीच्या पावडरीचा महाग डबा आणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र प्रथिने डॉक्टरांना विचारूनच वाढवावी.

खाट धरायला हाडच मोडावे लागते असे नाही. धनी गेला, पीक गेले, कर्ज डोक्यावर आले, तरी माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मनाच्या खिन्नतेने आजारी असलेल्या पन्नाशीपुढच्या १५६ जणांचा अभ्यास झाला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. काहींना औषध, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. औषधाचा गुण आधी दिसला, पण १६ आठवड्यांनी तिन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. याचा अर्थ चालू असलेली गोळी बंद करावी असा कोणी घेऊ नये. विधवा शेजारणीकडे नुसते सांत्वनाला जाऊन बसण्यापेक्षा "चला, बांधापर्यंत जाऊन येऊ" म्हणून तिला हाताला धरून बाहेर काढावे. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलू लागला तर ते थट्टेवारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, तणनाशकाच्या व कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्या आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. ती सेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालू असते, आणि आपल्या भाषेत बोलता येते.

शेवटी खुर्चीविषयी. बैठकांसाठी प्लास्टिकची खुर्ची घेऊ नये, शेणाने सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर ती सरकते. हातांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. आजाऱ्याच्या पायांत मोजे नसावेत, आणि पहिले पंधरा दिवस तरी शेजारी कोणीतरी उभे असावे.