शंभर ओहमचा कळंक

जेट बोटीला मागे पंखा दिसत नाही आणि सुकाणूही नसते. तळाला लोखंडी जाळी असते. तिच्यातून पाणी आत ओढले जाते, इंजिनाला जोडलेला पंप ते दाबाने मागच्या तोंडातून फेकतो आणि बोट पुढे झेपावते. वळायचे असले की त्या धारेचेच तोंड डावी-उजवीकडे फिरवायचे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक इथे मेंढ्यांचे कुरण सांभाळणाऱ्या बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास हे तंत्र आपल्या भागातल्या उथळ, गोट्यांनी भरलेल्या नद्यांसाठी कामाला लावले. १९७७ मध्ये एडमंड हिलरी अशाच तीन बोटी घेऊन गंगासागराहून प्रवाहाविरुद्ध नंदप्रयागच्या परिसरापर्यंत चढून गेले. बोटींची नावे होती गंगा, किवी आणि एअर इंडिया. इतिहास एवढा पुरे. पुढच्या चर्चेसाठी त्यातली एकच गोष्ट ध्यानात ठेवायची: धार थांबली की वळणेही थांबते. दुचाकीचे इंजिन बंद पडले तर हँडल हातात राहते. जेट बोटीचे इंजिन खडकाळ घळईत बंद पडले तर चालकाच्या हातात नुसते चाक उरते. म्हणून या बोटीवरच्या सेन्सरचा बिघाड किरकोळ दुरुस्तीत मोडत नाही.

हिलरींच्या काळातल्या बोटींच्या इंजिनांवर संगणक नव्हता. आजच्या पुष्कळ जेट बोटींत मोटारगाडीचेच व्ही-एट इंजिन पाण्यासाठी बदल करून बसवतात, आणि त्याच्याबरोबर त्याचा संगणक, म्हणजे ईसीएम, आणि सेन्सरही येतात. कोरड्या बॉनेटखाली राहण्यासाठी घडवलेली ही नाजूक मंडळी ओल, वाळू आणि अखंड हादऱ्यांत येऊन पडतात. बिघाड झाला की स्कॅनर लावायचा, कोड वाचायचा, कोडात ज्या सेन्सरचे नाव येईल तो बदलायचा, अशी रीत रूढ आहे. माझे म्हणणे असे की ही रीत चुकीची आहे, आणि जेट बोटीवर ती धोक्याची आहे. पी ०११८ हा कोड घ्या. स्कॅनरवर त्याच्यापुढे कूलंट टेंपरेचर सेन्सरचे नाव येते आणि वाचणारा म्हणतो, सेन्सर गेला. प्रत्यक्षात संगणकाने एवढेच नोंदवलेले असते की या सर्किटवरचा व्होल्टेज असायला हवा त्यापेक्षा जास्त आहे. सेन्सर आतून तुटला तरी हाच कोड येतो, तार तुटली, पिन मागे सरकली किंवा प्लग निखळला तरीही हाच. संगणकाला सेन्सर दिसत नाही, त्याला तारेच्या टोकाशी आलेला व्होल्टेज तेवढा दिसतो.

हा तापमानाचा सेन्सर जवळून पाहण्यासारखा आहे. पितळी आटे, आत मण्याएवढा थर्मिस्टर, बाहेर दोन तारा. थंड असताना त्याचा विद्युतरोध मोठा असतो आणि तापेल तसा तो झपाट्याने उतरतो. जनरल मोटर्सच्या बऱ्याच इंजिनांवर असलेल्या जातीत तो २० अंश सेल्सिअसला सुमारे साडेतीन हजार ओहम, ७० अंशांना ४६७ च्या आसपास आणि १०० अंशांना जेमतेम १७७ ओहम असतो. आता या दोन तारांच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आणि पिनांवर तो हिरवा थर चढला असे समजू. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की जो कळंक येतो, त्याच्याच जातकुळीतला हा थर. त्याने सर्किटमध्ये १०० ओहमची भर घातली. सकाळी गार इंजिनावर साडेतीन हजारांत शंभरने काय बिघडणार? अंशभराचाही फरक दिसत नाही. इंजिन ७० अंशांवर चालू लागले की संगणक साधारण ६५ वाचतो. तेही कोणाला खटकत नाही. आणि जाळीत शेवाळ अडकून, पाणी तुटून इंजिन १०० अंशांवर पोचते तेव्हा संगणकाला २७७ ओहम दिसतात आणि तो समजतो, ८५ अंश. म्हणजे इंजिन जितके तापेल तितकी चूक वाढत जाते, आणि तीही नेमकी घातक दिशेला. व्होल्टेज मर्यादेतच असल्यामुळे दिवा लागत नाही, कोड येत नाही. ज्या बिघाडाची सर्वांत जास्त धास्ती घ्यायला हवी तो स्कॅनरवर उमटतच नाही.

यावर अनुभवी मेकॅनिक म्हणतील की आम्ही सेन्सर बदलतो आणि बोट चालते, मग चुकले कुठे? त्यांचा अनुभव खोटा नाही, पण त्याचे कारण वेगळे असू शकते. सेन्सर बदलताना कनेक्टर ओढून काढावा लागतो आणि पुन्हा दाबून बसवावा लागतो. त्या घासण्याने पिनांवरचा कळंक खरवडला जातो आणि स्पर्श पुन्हा जुळतो. श्रेय नव्या सेन्सरला मिळते, काम घासण्याने केलेले असते, आणि काही आठवड्यांनी ओल पुन्हा आपले काम करते. दुसरा आक्षेप पैशाचा: तापमानाचा सेन्सर स्वस्त, मेकॅनिकचा तास महाग. एका सेन्सरपुरता हिशेब बरोबर आहे. पण पाच व्होल्टची एकच तार जिथे दाबाच्या, थ्रॉटलच्या आणि ऑइलच्या सेन्सरना वाटून दिलेली असते, तिथे एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे आकडे एकदम कोसळतात आणि कोडांची माळ लागते. कोडांप्रमाणे बदलत गेलात तर चांगले सेन्सरही कचऱ्यात जातात. त्याऐवजी त्या तारेवर मल्टिमीटर धरून एकेक प्लग काढत जावे. जो काढताच पाच व्होल्ट परत येतात, तो गुन्हेगार. याला दहा मिनिटे लागतात.

आपल्याकडे बीएस-सहा नियमांनंतर, म्हणजे एप्रिल २०२० पासून, साध्या दुचाकीवरही हे सेन्सर आले आहेत. मालवण आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर धावणाऱ्या वॉटर स्कूटरमध्ये तर जेट बोटीचाच पंप असतो, आणि तोही खाऱ्या पाण्यात. कळंकाला याहून पोषक जागा नाही.

मग आधी मोजा, नंतर बदला, एवढे म्हणून भागेल का? इथूनच खरी अडचण सुरू होते. थंड इंजिनाची तपासणी सोपी आहे: रात्रभर उभ्या बोटीवर सकाळी नुसती चावी फिरवली की पाण्याचे आणि हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. पण वरचा शंभर ओहमचा दोष याच तपासणीतून सुखरूप निसटतो. सेन्सर काढून उकळत्या पाण्यात बुडवला तर तोही पास होतो, कारण रोग त्याच्यात नाहीच. खात्रीचा उपाय विलक्षण साधा आहे. सेन्सर काढून कनेक्टरच्या दोन पिनांमध्ये १८० ओहमचा, कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा रेझिस्टर लावायचा आणि स्कॅनरवर पाहायचे. या जातीच्या सर्किटने १०० अंशांच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. ८५ दाखवला तर दोष तारेत, अर्थिंगमध्ये किंवा खुद्द संगणकात. फक्त रेझिस्टर कनेक्टरच्या इंजिनाकडच्या बाजूला नव्हे, वायरिंगकडच्या बाजूला लागतो. म्हणजे सेन्सरच्या स्वतःच्या पिनांवरचा कळंक या परीक्षेतही सुटतो. त्या डोळ्यांनीच पाहाव्या लागतात, भिंग आणि टॉर्च घेऊन.

त्याहून अवघड आहे ती लूज कॉन्टॅक्टची गोष्ट, जी फक्त जोरात चालताना प्रकटते. जेट बोट ट्रेलरवर असताना पंपात पाणी नसते, आणि बऱ्याच बोटींत इंजिन थंड ठेवणारे पाणीही त्याच पंपातून येते. नळी जोडून इंजिन चालवता येते, पण त्यावर भार येत नाही आणि तसे हादरेही बसत नाहीत. दोष नदीत दिसतो आणि नदीत मीटर धरून बसायला कोणी मोकळा नसतो. शिवाय संशय आला की संगणक इंजिनाची ताकद आपणहून कमी करतो. रस्त्यावर हे शहाणपणाचे आहे. घळईत मात्र ताकद कमी म्हणजे धार कमी, आणि धार कमी म्हणजे वळण कमी. इंजिन वाचवताना माणसे खडकाकडे जातात. ही मर्यादा काढून टाकावी असे मी म्हणत नाही, कारण जळून अडकलेले इंजिन त्याहून वाईट. पण म्हणूनच खोट्या आकड्यावर ती लागू होणे परवडत नाही. मार्ग उरतो तो नोंदींचा. फेरीभर स्कॅनरवर आकडे साठवायचे आणि किनाऱ्यावर येऊन आलेख पाहायचा. तापमानाची रेघ ७२ वरून ५५ वर उतरली आणि सेकंदाच्या दहाव्या भागात परत ७२ वर आली, तर ते तापमान नव्हे. धातूचा आणि पाण्याचा एवढा गोळा तेवढ्या वेळात सतरा अंश थंड होऊन पुन्हा तापू शकत नाही. त्याच क्षणी आरपीएम किती होते ते पाहायचे, आणि मग वायरिंगचा जुडगा इंजिनाच्या कंसावरून जिथे वळतो तिथपासून वीतवीतभर अंतरावर हाताने हलवत, नजर आकड्यावर ठेवून पुढे सरकायचे.